मनीची पानं

'कोसला'चा विषय निघाला की आधी आठवतं ते हॉस्टेल. पांडुरंग सांगवीकरचं पुणं, मेसची सेक्रेटरीगिरी, नाटकं, वक्तृत्व, सुरेश बापटबरोबरची बेफाम बडबड. भालचंद्र नेमाड्यांनी ही कादंबरी पंचविशीत लिहिली. 1963 साली देशमुख आणि कंपनीनं ती छापली आणि पुढची कितीतरी वर्षं कॉलेजातली पोरं 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' पेरत पांडुरंगासारखी बोलत राहिली. पुलंनी तिचं तोंडभरून कौतुक केलं. बाबा भांडांनी तर 'कोसलाबद्दल' हे पुस्तकच संपादित केलं. एका कादंबरीविषयी लोक किती आणि काय काय बोलले, त्याचं पुस्तक!

पण माझ्यासाठी 'कोसला' हे सुतकाचं पुस्तक आहे. पांडुरंगाची धाकटी बहीण मनी मरते, तिथं ते सुरू होतं.

पवईत आम्ही काहीजण अधूनमधून एखाद्याच्या घरी जमून पुस्तकांवर बोलतो. या पावसाळ्यात 'कोसला' घेतली होती. तलाव भरून वाहायला लागला होता आणि येणारा प्रत्येकजण जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावरच्या ट्रॅफिकला कावून आत शिरत होता. आयआयटीत पीएच.डी. करणारा एक मुलगा आहे, जळगावकडचा. त्यानं मेसची पानं खास खानदेशी हेल काढून वाचली आणि आम्ही पोट धरधरून हसलो. पवईची आयआयटी 1958 मध्ये सुरू झाली, म्हणजे तिथली हॉस्टेलं आणि ही कादंबरी जवळपास एकाच वयाची. भाजीत पाणी किती, यावरची भांडणं आजही तीच आहेत, असं तो म्हणाला.

मग मनीची पानं आली आणि आमच्यात सरळ दोन तट पडले.

बँकेतून निवृत्त झालेल्या एक ताई आहेत. त्या चिडल्याच. "पोर गेली आईची, आणि हा कुरवाळतोय स्वतःचं दुःख. आई त्याला दिसतेच कुठं?" मुलाला हे पटेना. त्याच्या मते पांडुरंगाची सगळी थट्टा, सगळा माज ज्या एका जागी गळून पडतो, ती ही जागा. इथं तो पहिल्यांदा खरं बोलतो.

मी गप्प होते. माझा धाकटा भाऊ गेला त्यानंतर कितीतरी दिवस मी हे पुस्तक उघडलं नव्हतं. कॉलेजात घेतलेली ती प्रत मांडीवर होती. हॉस्टेलच्या भागात ओळीओळीखाली पेन्सिलीच्या रेघा, समासात उद्गारचिन्हं, एका पानावर मैत्रिणीनं काढलेली मिशी. मनीची पानं मात्र कोरी. तेव्हा ती मी नुसती ओलांडून गेले असणार. भाऊ गेल्यानंतर वाचली ती तीच पानं, पुन्हा पुन्हा, कारण घरी भेटायला येणारा प्रत्येकजण समजूत घालत होता आणि त्या पानांत समजूत घालणारं कुणी नव्हतं. केवढा आधार वाटला त्याचा!

मनीचं दुःख घेऊन पांडुरंग अजिंठ्याला जातो तो भाग पुष्कळांना अवघड वाटतो, काहीजण तो गाळतात. गाळू नये. आमच्यातले एक गृहस्थ शाळेत चित्रकला शिकवायचे. तरुणपणी ते वही घेऊन अजिंठ्याला राहिले होते. त्यांनी सव्विसाव्या लेण्यातलं महापरिनिर्वाण आम्हाला हातवारे करून उभं करून दाखवलं. डाव्या भिंतीला आडवा झालेला बुद्ध, सुमारे सात मीटर लांब, एक हात उशाखाली. वर आकाशात देवगण आनंदात. आणि खाली, मंचकाच्या पायाशी, शोक करणारे शिष्य. "ही खालची माणसं बघायची तर वाकावं लागतं," सर म्हणाले. "लोक बुद्धाचा फोटो काढतात आणि पुढं जातात."

दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला निर्वाणाचं तत्त्वज्ञान ठाऊक होतंच, तरी रडणारी माणसं त्यानं वगळली नाहीत. त्यांनाही त्याच दगडात, तितक्याच निगुतीनं जागा दिली. नेमाड्यांनी मला वाटतं हेच केलं. अजिंठ्यात पांडुरंगाला उत्तर मिळत नाही, दुःख हलकंही होत नाही. पण घरात, गावात, पुण्याच्या खोलीत जे मावत नव्हतं ते ठेवायला एवढी मोठी जागा मिळते. कलेकडून याहून अधिक मागावं असं मला वाटत नाही.

ताईंना हे अर्धंच पटलं. लेण्यातल्या रडणाऱ्यांना जागा मिळाली, मग मनीच्या आईला का नाही, एवढंच त्यांनी विचारलं. त्यांचं खरं आहे. भावाबहिणीचं दुःख आप्पलपोटं असतं, माझंही होतं. माझ्या आईनं त्या महिन्यांत काय खाल्लं, कधी झोपली, मला सांगता येणार नाही. मनीच्या आईचं लिहायला पांडुरंग पुरा पडत नाही. त्या घरातली ती दुसरी कादंबरी कुणीतरी लिहावी. मी ती आजही वाचायला बसेन, आणि ताईंना सगळ्यांत आधी देईन.