यतिमाचे नाव

अंबरनाथच्या आमच्या घरात चौदा वर्षे पाळणा हलला नाही. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तान-सीरियात भूकंप झाला. तिथली यतीम मुले टीव्हीवर पाहून मी यांना म्हणाले, ‘‘एखादे आपण आणू या का?’’

‘‘आधी त्याचे कोणी उरले आहे का, ते तर कळू दे,’’ हे म्हणाले.

खरे होते. ढिगाऱ्यातून एकटे निघालेले मूल बेवारस नसते. त्याची दादी, मामू, चाचा आधी शोधावे लागतात. सूरह अहजाबमध्येही लेकरांना त्यांच्या बापाच्याच नावाने हाक मारण्याचा हुकूम आहे. म्हणून आपल्यात कफालत आहे : सांभाळ आपला, वंश त्याचा. वारसाहक्क मिळत नाही. पण एक तृतीयांशापर्यंत वसियत करता येते.

त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री रायगडमध्ये इरशाळवाडीवर दरड कोसळली. बदलापूरपासून फार लांब नाही. तिथलीही मुले पोरकी झाली. म्हणजे यतीम शोधायला समुद्रापार जायला नको.

आज बदलापुरात दादीजवळ राहणाऱ्या एका यतीम मुलाच्या शाळेचा खर्च आम्ही उचलतो. तो मला खाला म्हणतो. अम्मी म्हणावे असे अजूनही वाटते. पण त्याची दादी त्याच्याजवळ आहे, यातच त्याचे भले आहे. बहिणींनो, आपल्या मोहल्ल्यातही विचारून पाहा.