पारखून घेतलेला नियम

आपण व्यापारी माणसे. माल हाती घेऊन, उलटसुलट पाहून मगच दर ठरवतो. मुलांच्या शिक्षणात मात्र ही सवय आपण विसरतो. 'आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात' हे वाक्य मुले तोंडपाठ म्हणतात, गुणही मिळवतात. पण ते पारखून कोणी पाहत नाही.

निवृत्तीनंतर जतच्या घरी नातवंडांसह मी ही पारख आरंभिली. अंधाऱ्या खोलीत कागदावर आरसा उभा केला, कंगव्याच्या दातांतून बॅटरीचा झोत सोडला, किरणांच्या रेषा पेन्सिलीने आखून कोन मोजले. मग ध्वनी. कापडाच्या ताग्यातील पुठ्ठ्याच्या दोन नळ्या भिंतीकडे तिरप्या रोखल्या. एकीच्या तोंडाशी गजराचे घड्याळ, दुसरीला कान, मध्ये आडोशाला उशी. दोन्ही नळ्यांचा कल सारखा होताच टिकटिक सर्वांत स्पष्ट आली. भिंतीवर गोधडी टांगली, तेव्हा ती मंदावली. मऊ वस्तू ध्वनी शोषून घेते.

पाण्यासाठी आपल्या अवर्षणग्रस्त तालुक्यात तलाव शोधायला नको. परातभर गाळलेल्या पाण्यात एक पट्टी तिरपी उभी धरावी, दुसरीने हलकी लाट उठवावी. लाट त्याच नियमाने वळते. नंतर ते पाणी झाडाला घालावे.

पुढचा धडा विजापूरला. 1656 च्या सुमारास पूर्ण झालेल्या गोलघुमटाच्या आतील सज्जात भिंतीशी कुजबुजलेला शब्द सुमारे 38 मीटर पलीकडे ऐकू येतो, कारण वक्र भिंत ध्वनीला पुनःपुन्हा वळवत नेते. साधा प्रतिध्वनी वेगळा ऐकू येण्यास भिंत किमान 17 मीटर दूर हवी, हेही मुलांना तिथे समजावता येते.

तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात शब्द आणि छाया हे पुद्गलाचे पर्याय म्हटले आहेत. सर्वार्थसिद्धी टीकेत पूज्यपाद आचार्य प्रतिबिंबालाही छायेचा एक प्रकार मानतात. एवढ्यावरून आजचे विज्ञान आपल्या शास्त्रात आधीच होते, असे मुलांना सांगण्याची घाई मी करत नाही. त्याहून मोलाचा वारसा परीक्षाप्रधानतेचा आहे. आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसेत प्रत्यक्ष आप्ताचीही परीक्षा मांडली. जिथे श्रद्धेलाही कसोटी लागते, तिथे पाठ्यपुस्तकातील एका वाक्याला ती का नसावी?

दुकान वाढवण्याच्या वेळेस मूल प्रश्न घेऊन आले, तर 'नंतर सांगतो' म्हणू नये. आरसा, परात आणि दोन नळ्या प्रत्येक घरी आहेत. आपली अर्धी घटका तेवढी हवी.