मुदत संपल्यावर

टायफॉइडला आमच्याकडे जुन्या बायका अजूनही ‘मुदतीचा ताप’ म्हणतात. एकवीस दिवस भरले, ताप उतरला, चार दिवस मऊ भात खाल्ला, की बाई पुन्हा ओट्यापाशी. जंतू मात्र मुदत पाळतोच असं नाही.

आमच्या धाकट्या जाऊबाईंचा ताप जाऊन महिना झाला आणि कंबर धरली. कोणी म्हणालं अशक्तपणा, कोणी म्हणालं वय. शेजारच्या काकूंनी डिंकाचे लाडू पाठवले. (बाईच्या कंबरदुखीला कारण शोधायची आपल्यात पद्धतच नाही!) दिवसभर राबून कंबर दुखली तर समजू शकतं, यांना रात्री निवांत पडलं तरी दुखे, कूस बदलताना जीव जाई.

शेवटी एमआरआय काढला. कमरेचे दोन मणके आणि मधली चकती, तिथे संसर्ग. पहिला संशय क्षयाचा. आपल्या देशात मणका म्हटलं की आधी क्षयच आठवतो, आणि त्यात वावगं काही नाही. पण डॉक्टरांनी मागचा ताप खोदून विचारला, सुईने मणक्यातला नमुना काढून तपासायला पाठवला. निघाला टायफॉइडचाच जंतू! आतड्यातून तो रक्तात उतरतो, हाडांच्या मगजात तर बिऱ्हाडच करतो. तिथून क्वचित मणका धरतो. दुर्लक्ष झालं, पू साठून मज्जारज्जूवर दाब आला, तर पायातली ताकद जाते. जाऊबाई त्याआधी सापडल्या. कित्येक आठवडे औषधं चालली.

मेंदूवरही हा ताप जातो. टायफॉइड या नावाच्या मुळाशीच धूर, धुकं असा अर्थाचा ग्रीक शब्द आहे. रोगी पुटपुटतो, पांघरूण चिवडत राहतो. आपल्याकडे ‘वात झाला’ म्हणत आणि अंगारा लावत. कधी तापानंतर तोल जातो, जीभ अडखळते, फार क्वचित पाय लुळे पडतात. असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पाण्याचं म्हणाल, तर आपण जैन बायका गाळण्यात पटाईत. पण दुपदरी छन्न्यातूनही हा जंतू आरामात निघून जातो. पाणी उकळल्यावर मात्र तो मरतो. घरी प्रासुक पाणी पिणाऱ्या आपण लग्नात बर्फाचं सरबत बिनदिक्कत घेतो, तेव्हा मला हसू येतं.

यंदा दशलक्षणात जाऊबाई बस्तीत खुर्चीवर बसल्या. दोघीतिघींनी विचारलं, “काय हो, कंबर कशानं धरली?”

“टायफॉइडनं.”

त्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, जाऊबाईंना पुन्हा ताप चढलाय की काय म्हणून.