आजोबांची पारख

नातवाला वनरक्षकाची नोकरी लागली आणि नेमणूक मिळाली मेळघाटात. पावसाळ्यात पर्यटकांच्या गाड्या कमी होतात, पायी गस्त मात्र चालूच असते. आईने कौतुकाने रबरी रेनकोटाची पँट घेऊन दिली. पहिल्याच आठवड्यात ती बोरीच्या काट्यांत फाटली. शिवाय आत घामाचा नुसता पूर! मांड्या सोलवटल्या आणि पोरगा ताप घेऊन घरी आला.

या वेळी दुकानात आजोबा बरोबर गेले. 1972 चा वन्यजीव कायदा येईपर्यंत ते शिकारी होते; घरात तो विषय सहसा कुणी काढत नाही. त्यांनी रंग पाहिलाच नाही. कापड कानाशी नेऊन चोळले.

"ही चुरचुर सांबराला लांबूनच कळेल," म्हणत तीन पँटी बाजूला सारल्या. चौथी उलटी केली. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली होती. नाही तर सुईच्या भोकांतून पाणी शिरतेच. गुडघ्यांवर आणि बैठकीवर दुहेरी कापड होते. बाजूला लांब चेन होती, म्हणजे बूट न काढता पँट चढवता येते आणि उघडली की वाराही लागतो. दमट हवेत घाम बाहेर टाकणाऱ्या महागड्या कापडाचाही तेवढा भरवसा नाही. मग नातवाला भर दुकानात उकिडवे बसवले. गुडघा आवळला, म्हणून एक माप मोठी घेतली.

किंमत ऐकून आई गप्प झाली. आजोबांनी पेन्शनचे पाकीट काढले.

"ओली घडी करून ट्रंकेत ठेवू नकोस हं," एवढेच ते नातवाला म्हणाले, "आतला थर सुटतो."