गोलकीपरचा बाप

माझ्या बापानं माझ्या शाळेचं तोंड दोनदाच बघितलं. पहिल्यांदा नाव घालायला. हेडमास्तरनं विचारलं, पोराचा जन्म कधीचा? बाप म्हणाला, पाऊस यायचा हुता. हेडमास्तरनं लिहिलं १ जून. आमच्या वर्गात आम्ही अकरा जण १ जूनला जन्मलेलो. दुसऱ्यांदा बाप आला तो दाखला न्यायला. तेव्हा त्यानं अंगठा उठवला आणि शाई धोतराला पुसली. एवढंच त्याचं पालकपण. बाकी सगळा वेळ तो हमालीत.

म्हणून २०२२ च्या जूनमध्ये माझी पोरगी हॉकीचा फॉर्म घेऊन आली आणि ‘पालकाची सही’ या रेघेवर बोट ठेवून उभी राहिली, तेव्हा मी जरा वेळ पेन धरून नुसताच बसलो. आमच्या घरात पालक म्हणजे भाजी. फॉर्मला जन्माचा दाखला जोडायचा होता. वयोगटाच्या खेळात तो कागद आधी मागतात. पोरगी महापालिकेच्या दवाखान्यात जन्मलेली, तिची तारीख खरी आहे. चळवळीनं काय दिलं असं कुणी विचारलं तर मी हा कागद पुढं करीन. १ जूनवाल्या बापाची खऱ्या तारखेची लेक.

दोस्तहो, तुमच्यापैकी बरेच जण अजून बिनलग्नाचे. मोर्चा, पोस्टर, बैठक यात रात्री जातात. माझ्याही गेल्या. २००६ साली खैरलांजी झाल्यावर निघालेल्या मोर्चात मी पाठीवर काठी खाल्लीय. आमच्या वस्तीत हॉकी म्हणजे खेळ नाही, हत्यार. कुणाचं डोकं फुटलं की लोक विचारतात, कशानं? हॉकीनं. अशा वस्तीत पोरगी म्हणते, मला हॉकी पायजे. तिची आई माझ्याकडं बघायला लागली.

पण आम्ही बोपोडीचे. शेजारी खडकी. आणि खडकी म्हणजे धनराज पिल्ले. १९६८ चा जन्म. बाप ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करायचा. तुटक्या काठ्या आणि फेकलेले चेंडू घेऊन ही पोरं खेळली. १९९२ ते २००४ अशी चार ऑलिंपिकं तो खेळला. १९९८ च्या बँकॉक एशियाडला सोनं आणलं, तेव्हा कॅप्टन तोच. मी हे सगळं पोरीला मोठ्या तोंडानं सांगितलं. ती म्हणाली, “पप्पा, ते लई जुनं झालं. मला शूज घ्या.”

शूज घेतले. काठी जुन्या बाजारातनं आणली. आणि पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. पोरगी डावखुरी. आजी तिला लहानपणापासनं हाणते, डाव्या हातानं खाऊ नको, आपल्याला नावं ठेवत्यात. हॉकीच्या काठीला एकच बाजू सपाट असते, डावीकडची. त्याच बाजूनं चेंडू मारायचा. उलट्या गोल बाजूनं लागला की शिट्टी. डावखुऱ्यासाठी वेगळी काठी नाही, नियमात बसतच नाही. मला वाटलं, झालं. जगात सगळीकडं उजव्यांचं राज्य. परत आणावी पोरीला.

कोच फौजेतनं रिटायर झालेले. कमी बोलतात. त्यांनी चार दिवस बघितलं आणि पोरीला गोलात उभं केलं. गोलकीपर काठी उजव्या हातात धरतो, डावा हात चेंडू अडवायला मोकळा असतो. ज्या हातासाठी आजीनं मारलं, तोच हात कामाला आला. घरी सांगितलं तर आजी म्हणाली, “मंग काय, मीच तयार केला तिला.”

गोलकीपरचं सामान म्हणजे निम्मं दुकान. लेगगार्ड, किकर, छातीचं, हातमोजे, हेल्मेट. चेंडू दीडशे ग्रॅमच्या वरचा आणि दगडासारखा. नुसत्या अंगानं कोण उभं राहील? नवा सेट माझ्या महिन्याच्या पगारात बसत नव्हता. मी कंडक्टर. मैदानावर सगळ्यांत मिळून एकच सेट. पोरी आळीपाळीनं घालणार. उन्हात वाळवला तरी त्याला वास असा की, एस्टीत कुणी ओली चादर विसरून गेलाय.

इथं माझी खरी परीक्षा सुरू झाली.

गोलात दोघी. एक माझी, दुसरी एका सोसायटीतली. तिची आई कायम मैदानावर. चांगली बाई, घड्या घातलेले टॉवेल आणते, मुलींना लिंबूपाणी देते. एक दिवस माझ्या पोरीनं हेल्मेट काढून दिलं आणि त्या बाईनं पर्समधनं बाटली काढून ते आतनं सॅनिटायझरनं पुसलं. कानापाशी, हनुवटीपाशी, निवांत पुसलं. मग स्वतःच्या पोरीच्या डोक्यावर चढवलं.

माझ्या डोक्यात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. मला पळवणकर बाळू दिसले. पुण्यात बॉलिंग टाकून गोऱ्यांच्या विकेटी काढायच्या आणि चहाच्या वेळी बाकीच्यांना कपबशी, बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर मातीचं भांडं. शंभर वर्षांच्या वर झाली. भांड्याचं हेल्मेट झालं. मी तावातावानं निघालो. पोरीनं मधेच हात धरला. “पप्पा, मीपण पुसते घालायच्या आधी. तिच्या डोक्यात कोंडा आहे.”

मी थांबलो. खोटं कशाला बोलू, मला थोडी निराशाच झाली. भांडण करायचं म्हणून मी तयार होऊन बसलेलो असतो. ही आपली सवय. कुणी बसमध्ये सुट्टे नाहीत म्हणून कुरकुरला तरी आधी वाटतं, ह्यानं माझ्या शर्टावरची नावाची पट्टी वाचली.

पण हेल्मेटच्या बाबतीत चुकलो, म्हणून सगळ्याच बाबतीत चुकलो असं नाही. दिवाळीच्या सुमारास त्याच बाई गोड आवाजात म्हणाल्या, “अहो, तुमचं आडनाव कळलंच नाही अजून.” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “अच्छा अच्छा. छान.” यातला ‘छान’ आपल्याला ओळखता येतो. त्याआधी मॅच झाली की पोरी डबे एकत्र उघडायच्या. आमच्या पोरीच्या डब्यात भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी, त्या मुलीच्या डब्यात पराठे. नंतर ती मुलगी आईजवळ बसून खायला लागली. मी पोरीला विचारलं, काय झालं गं? ती म्हणाली, “तिचा रविवारचा उपवास चालू झालाय.” उपवासाला पराठे! मी काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, “तुम्ही भांडू नका हां. ती रोलरच्या मागं येऊन बोंबलाची चटणी खाते.”

म्हणजे पोरगीला सगळं कळत होतं. माझ्या आधीपासून. आणि तिनं त्यावर तिचा रस्ता काढला होता, जो माझ्या कुठल्याच भाषणात बसत नाही. मला तो रस्ता पटलाय असंही नाही. रोलरच्या मागं का? रोलरच्या पुढं का नाही? हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

एका शनिवारी कोचनी मुलींना वंदना कटारियाची गोष्ट सांगितली. हरिद्वारजवळच्या रोशनाबादची पोरगी, टोकियोत दक्षिण आफ्रिकेवर तीन गोल. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय बाई. पोरगी घरी येऊन भिंतीवर तिचा फोटो चिकटवायला लागली. बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली, थोडा डावीकडं. कोचनी गोष्ट तिथंच थांबवली होती. पुढची गोष्ट मला माहीत. ४ ऑगस्ट २०२१, सेमीफायनल, अर्जेंटिनाकडनं १-२ हरलो. आणि त्या संध्याकाळी वंदनाच्या घरासमोर फटाके वाजले. जातीवरनं शिव्या दिल्या. टीममध्ये दलित फार झाले म्हणून हरलो, असं बोलणारी माणसं दारात नाचली. घरच्यांनी पोलिसात तक्रार दिली. ती अजून टोकियोतच होती, पुढची मॅच बाकी होती.

हे दहा-अकरा वर्षांच्या पोरीला सांगायचं का? मी दोन रात्री यावर घालवल्या. मोर्चात बोलताना आपण म्हणतो, पोरांना लहानपणीच सगळं सांगा. बोलायला सोपं आहे. ती गोलात उभी राहणारी. हरल्यावर पहिलं बोट गोलकीपरकडंच जातं. उद्या हिच्याकडनं गोल सुटला आणि हिच्या डोक्यात फटाके वाजले तर?

शेवटी तिच्या आईनं सोडवलं. ती म्हणाली, “तुम्ही सांगितलं न्हाई तर बाहेरचं कुणीतरी सांगंल, आन ते हसत सांगंल.” सांगितलं. पोरगी ऐकत राहिली. मग विचारलं, “पुढच्या मॅचला खेळली का?” म्हटलं, खेळली, ब्रिटनविरुद्ध. ३-४ हरले, पण त्यातला एक गोल तिचा. पोरगी म्हणाली, “मग?” एवढंच. त्या ‘मग’चा अर्थ मी अजून लावतोय.

त्याच रात्री मी तिला शंकर लक्ष्मणबद्दलही सांगितलं. नुसते फटाके सांगून झोपवायचं कसं? महूचा गोलकीपर. “बाबासाहेबांचं महू?” व्हय, तेच. तीही छावणी, खडकीही छावणी. गोऱ्या पलटणींनी हा खेळ आणला तो अशाच गावांत रुजला. मराठा लाइट इन्फन्ट्रीतला माणूस. १९५६, १९६०, १९६४, तीन ऑलिंपिकच्या फायनल, तिन्ही पाकिस्तानशी. तीन फायनलमध्ये मिळून खाल्ला एक गोल. शेवटी २००६ साली महूतच गरिबीत वारला, पाय सडून. पोरीला मी एक गोल सांगितला, पाय नाही सांगितला. बाप झालं की असं निवडायला लागतं.

गेल्या थंडीत पिंपरीला नेहरूनगरच्या टर्फवर मॅच होती. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी खोट्या गवतावर गेली, आणि मातीवरची पोरं मागं पडली. आपला देश तेव्हा सातवा आला. आमच्या पोरी मातीवर शिकलेल्या. टर्फवर चेंडू असा येतो की डोळा लवेपर्यंत मागं. अशा टर्फवर खेळाआधी पाणी मारतात, हजारो लिटर. आजी हट्टानं आली होती. ती बघून म्हणाली, “गवत बी खोटं, आन त्याला पानी खरं?” आमच्या नळाला सकाळी दीड तास पाणी.

मी गोलाच्या मागं, जाळीला खेटून उभा होतो. गोलाच्या तळाशी गुडघ्याएवढी फळी असते. चेंडू तिच्यावर बसला की ठाक् असा आवाज होतो. तो आवाज बापाच्या छातीत होतो. पहिला ठाक्. दुसरा ठाक्. मी ओरडत होतो, डावीकडं, पुढं ये, झोप! मला हॉकीतलं काय कळतं? तरी ओरडत होतो. पेनल्टी कॉर्नरला ती आणि चार जणी रेषेच्या मागं उभ्या राहिल्या, तेव्हा तिच्या लेगगार्डचा पट्टा सुटलेला मला दिसला. तिसरा ठाक्. चार झाल्यावर कोचनी तिला बाहेर घेतलं आणि दुसरीला गोलात धाडलं. सोसायटीवालीला.

मी गेलो कोचकडं. का काढलं हो? माझा आवाज मलाच ओळखू आला. मोर्चातला होता. कोच म्हणाले, “चार गोल झाले. आणि त्या मुलीनंही मॅच बघायलाच यायचं का?” मला उत्तर आलं नाही. आजूबाजूचे पालक बघत होते. त्या बाईही बघत होत्या. त्यांच्या पोरीनं तीन मिनिटांत पाचवा खाल्ला, तेव्हा मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

बसमध्ये पोरगी खिडकीशी बसली. आजी झोपली. बराच वेळ गेल्यावर ती म्हणाली, “पप्पा, तुम्ही गोलामागं उभं राहू नका.”

“का?”

“चेंडूच्या आधी तुमचा आवाज येतो. मग मी तुमच्याकडं बघते.”

तेव्हापासून मी अर्ध्या रेषेपाशी उभा राहतो, पाण्याच्या ड्रमजवळ. तिथनं पट्टा सुटलेला दिसत नाही. फळीचा आवाज मात्र येतो. परवा त्या बाई तिथंच येऊन उभ्या राहिल्या. आम्ही दोघं काही बोललो नाही.

रविवारी परत मॅच आहे. पहिल्या बसनं निघायचंय. पाणी सहाला येतं, भरायला आजीला सांगून ठेवलंय.