तळव्याला कळते का?

पादत्राण जितके जाड आणि मऊ तितके ते पायाला हितकर, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. दुकानदारही बुटाच्या टाचेत अंगठा रुतवून ‘बघा, किती गादी आहे’ असे कौतुकाने दाखवतो. याच्या नेमका उलट विचार गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभरच्या धावपटूंमध्ये रुजला आहे. पायाला मोकळे सोडले, तर तो स्वतःला सांभाळू शकतो, असे हा विचार मानतो. त्यातून ‘मिनिमलिस्ट’, म्हणजे किमान आवरणाचे, बूट निघाले. त्यांचा तळ काही मिलिमीटरचा आणि हाताने गुंडाळता येईल इतका लवचीक असतो. बोटांना पसरायला पुढे रुंद जागा असते. धावण्याच्या नेहमीच्या बुटात टाच चवड्यापेक्षा साधारण १० ते १२ मिलिमीटर उंच असते. येथे हा फरक शून्य किंवा अगदी थोडा असतो.

वयाच्या ५४ व्या वर्षी, गेल्या दिवाळीनंतर, मी असा एक जोड घेतला. साताऱ्यात माझा दवाखाना आहे. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत जातात, म्हणून पहाटे चार-पाच किलोमीटर चालण्याचा आणि मधूनमधून धावण्याचा नेम ठेवला आहे. या बुटांविषयी रुग्ण विचारू लागले होते. वाचून सांगण्यापेक्षा आधी स्वतःच्या पायांना विचारावे, असे वाटले.

पहिला आठवडा ते बूट मी घरात आणि दवाखान्यातच वापरले. दुसऱ्या आठवड्यापासून मातीच्या मैदानावर दहा मिनिटे चालणे, एवढाच कार्यक्रम ठेवला. पहिल्याच दिवशी जाणवले ते हे, की तळव्यांकडून बातम्या येऊ लागल्या आहेत. येथे माती भुसभुशीत आहे, येथे खडा आहे, येथून उतार सुरू होतो, हे डोळ्यांच्या आधी पायांना समजत होते. जाड गादीखाली इतकी वर्षे हा संवाद जवळजवळ बंदच होता.

तीन आठवड्यांनी एकेक मिनिट धावू लागलो. टाच आपटत धावण्याची जुनी सवय आपोआप मोडली, कारण गादी नसताना टाच आपटली की हादरा थेट गुडघ्यापर्यंत जातो. पावले आखूड झाली, त्यांची गती वाढली, पाय चवड्यावर किंवा मधल्या भागावर टेकू लागला आणि पावलांचा आवाज कमी झाला. त्याचबरोबर पोटऱ्या अशा भरून येत, की सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागे. असे झाले की मी दोन-तीन दिवस जुने बूट घालून नुसता चालत असे. सलग दोन किलोमीटर धावायला मला चार महिने लागले. या काळात एक छोटी, पण मोलाची गोष्ट साधली: भिंतीचा आधार न घेता एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायात मोजा घालता येऊ लागला.

यामागचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. आपल्या एका पावलात २६ हाडे असतात आणि त्यांना बांधून ठेवणारे अनेक लहान स्नायू. तळ जाड आणि ताठर असला की या स्नायूंना काम उरत नाही. हार्वर्ड विद्यापीठातील डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की लहानपणापासून अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे जमिनीवर पाय पडतानाचा धक्का सौम्य होतो. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये इथिओपियाचे अबेबे बिकिला यांनी मॅरेथॉन अनवाणी धावून २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकली, ती गोष्ट या विचाराचे समर्थक आवर्जून सांगतात. त्यांनीच १९६४ मध्ये टोकियोत बूट घालून पुन्हा सुवर्णपदक मिळवले आणि वेळही तीन मिनिटांनी कमी केली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

दुसरी बाजूही आहे. पातळ तळाने पायावरचा भार नाहीसा होत नाही. त्याची जागा बदलते. गुडघ्यावरचा काही भार पोटरीवर, टाचेमागच्या जाड शिरेवर आणि चवड्याच्या बारीक हाडांवर येतो. या हाडांना नव्या भाराची सवय व्हायला महिने लागतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, नेहमीचे बूट सोडून दहा आठवड्यांत अशा बुटांकडे वळलेल्या अनेक धावपटूंच्या पावलांच्या हाडांत सूज आल्याचे एमआरआय तपासणीत दिसले. पाच बोटांचे बूट बनवणाऱ्या ‘व्हायब्रम’ या कंपनीवर, आरोग्यलाभाचे दावे पुराव्याविना केल्याबद्दल अमेरिकेत ग्राहकांनी खटला भरला होता. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत, परंतु २०१४ मध्ये साडेसदतीस लाख डॉलर देऊन तडजोड केली.

हा प्रश्न तरुण धावपटूंपुरता असता, तर येथे एवढे लिहिले नसते. आपल्याकडे अनवाणी चालणे ही नवी कल्पना नाही. घराच्या उंबऱ्याच्या आत वहाण नाही, देवळात नाही. आणि पहाटे दवाने भिजलेल्या गवतावर अनवाणी चालल्याने साखर उतरते, दृष्टी सुधारते, असे सांगणारे घरोघरी भेटतात. आमच्या गल्लीत राहणारे एक निवृत्त शिक्षक त्यांपैकीच एक. वय ७३, मधुमेह १८ वर्षांपासूनचा. सारी गल्ली त्यांना गुरुजी म्हणते. उन्हाळ्यात ते सुनेला बरोबर घेऊन दवाखान्यात आले आणि बसता बसताच म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही ते पातळ तळाचे बूट घालून पळता, ते मी गॅलरीतून रोज बघतो. मी तर चौथीपर्यंत अनवाणीच शाळेत गेलो. उद्यापासून मीही बागेत गवतावर अनवाणी चालणार. साखरेला चांगलं असतं म्हणे.”

मी म्हणालो, “आधी तळव्याला विचारू या, गुरुजी.”

ही तपासणी अगदी साधी असते. तिच्यासाठी नायलॉनचा एक जाडसर दोरा वापरतात. त्वचेवर टेकवून दाबल्यावर १० ग्रॅम भार पडला की तो वाकतो. तेवढा स्पर्शही ज्याला कळत नाही, त्या पायाचे संरक्षण करणारी संवेदना हरपली, असे आम्ही मानतो. मी दोरा आधी गुरुजींच्या मनगटावर टेकवून तो स्पर्श कसा असतो ते दाखवले. मग त्यांना डोळे मिटायला आणि पायाला स्पर्श कळताच ‘हो’ म्हणायला सांगितले.

अंगठ्याच्या टोकाला दोरा टेकवला. तो वाकला. गुरुजी गप्प. चवड्यावर अंगठ्याच्या मुळाशी टेकवला, नंतर करंगळीच्या मुळाशी. दोन्ही वेळा दोरा वाकला. गुरुजी डोळे मिटून तसेच शांत बसले होते. क्षणभराने म्हणाले, “करा की सुरू, डॉक्टर.”

त्यांच्या सुनेने माझ्याकडे पाहिले आणि हातातली पिशवी हळूच खाली ठेवली.

डाव्या चवड्याखाली एक घट्टा होता आणि त्याच्या मध्यभागी काळसर डाग. आत रक्त साकळल्याची ती खूण. उघड्या जखमेच्या आधीची पायरी. गुरुजींना त्याचा पत्ता नव्हता, कारण तो दुखत नव्हता. नेमके त्यामुळेच मला त्याचे भय वाटले.

“म्हणजे आता माझे पाय माझे राहिले नाहीत म्हणायचे,” गुरुजी म्हणाले.

“पाय तुमचेच आहेत. त्यांची बातमी तुमच्यापर्यंत येत नाही. ती रोज डोळ्यांनी आणायची.”

“अप्पा, मी बघत जाईन रोज रात्री,” सून म्हणाली. त्यावर गुरुजी पहिल्यांदाच रागावले. “सुनेपुढे पाय वर करून बसू?” अखेर तोडगा त्यांनीच काढला: दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून त्यात आधी ते स्वतः तळवे पाहतील आणि नजरेला जे दिसणार नाही, तेवढे सून पाहील.

ज्या पायाला वेदना कळत नाही तो पाय कसा नष्ट होत जातो, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या सेवेत ओळखले. हातापायांची झीज पुष्कळदा रोगाने थेट होत नाही. बधिर अवयवाला नकळत झालेल्या इजांमुळे होते, असे त्यांनी दाखवले. मधुमेही पावलाची काळजी आज याच विचारावर उभी आहे. किमान आवरणाच्या बुटाचा सारा लाभ तळव्याला मिळणाऱ्या बातमीवर अवलंबून आहे. बातमी येत असेल, तर पाऊल सावरते. येत नसेल, तर तोच पातळ तळ आणि तेच ओले गवत घातक ठरते, कारण गवतात काटा असतो, काच असते, आणि उन्हाळ्यात फरशी तापलेली असते.

म्हणून कोणताही निर्णय घेण्यापूर्वी पायांची तपासणी करून घ्यावी. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने ती वर्षातून किमान एकदा करावीच. संवेदना कमी झालेल्यांनी घरातही अनवाणी, नुसत्या मोज्यांवर किंवा पातळ सपातांवर चालू नये. घरात वहाण घालण्याचा संकोच वाटत असेल, तर केवळ घरात वापरायचा एक स्वच्छ, मऊ, टाच बंद असलेला जोड ठेवावा. पायात घालण्यापूर्वी बुटात हात फिरवून खडा नाही ना, हे पाहावे.

पायांची संवेदना आणि रक्तपुरवठा चांगला असलेल्या ज्येष्ठांनीही धावपटूंचे अनुकरण करण्याची गरज नाही. घरात अनवाणी किंवा मोज्यांवर वावरणाऱ्या वृद्धांत पडण्याचे प्रमाण अधिक आढळते. त्यांच्यासाठी पातळसर पण टणक तळ, रुंद व बुटकी टाच, पुढे बोटांना जागा आणि पाय घट्ट धरणारा पट्टा असलेला बूट उत्तम. अति मऊ, जाड गादीवर पाय कोठे आहे हे नीट उमगत नाही आणि तोल डळमळतो.

पायाचे स्नायू बळकट करायला बूट बदलणेही आवश्यक नाही. खुर्चीवर बसून पायाची बोटे पसरावीत व मिटावीत. जमिनीवर पसरलेला पंचा बोटांनी स्वतःकडे ओढावा. ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा सावकाश उचलाव्यात. प्रत्येक व्यायाम दहा वेळा, आणि जवळ कोणीतरी असताना. पायाला जखम किंवा घट्टा असेल, तर पंचा ओढण्याचा व्यायाम तूर्त टाळावा.

गुरुजींच्या पायाचा घट्टा शल्यचिकित्सकाने काढला, आणि आता ते त्यांच्या पायाच्या मापाने करवून घेतलेले, मऊ तळाचे, टाच बंद असलेले बूट घालून बागेत जातात. सकाळी नातवासमोर खुर्चीत बसून बोटे पसरवण्याची त्यांची शर्यत चालते. मी मात्र माझे पातळ बूट आठवड्यातून तीनच दिवस घालतो. उरलेल्या दिवशी जुने.

आपल्या घरात कोणी मधुमेही असतील, तर आज रात्री झोपण्यापूर्वी त्यांचे तळवे उजेडात पाहावेत: बोटांच्या बेचक्यात, टाचेच्या भेगांत, चवड्याखाली. काळसर डाग, फोड, लाली किंवा एका पायाचा वेगळा उबदारपणा आढळला, तर तो दुखण्याची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.