सांगणारा आणि ऐकणारा



आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरात मराठी, वर्गात हिंदी. त्यामुळे लिहिताना आमच्या चुका होतात. पण त्या सांभाळून घेऊ नका, दिसल्या की लगेच सांगा. आज लिहायचे आहे तेही याच गोष्टीबद्दल.

पांढुर्णा असो की सौंसर, आजार मोठा झाला की आपले पाय नागपूरकडेच वळतात. मे २०२१ मधले दिवस आपण कोणीच विसरलेलो नाही. कोरोनाची दुसरी लाट होती, शाळेला कुलूप होते आणि फोन वाजला की छातीत धस्स व्हायचे. त्याच दिवसांत, ६ मे २०२१ रोजी, नागपूरच्या विमानतळावरून एका रुग्णाला घेऊन एक एअर अँब्युलन्स निघाली. बीचक्राफ्ट कंपनीचे ते लहानसे विमान होते. आत रुग्णासह पाच माणसे होती. विमानाने जमीन सोडली आणि त्याचे एक चाक निखळून खाली पडले.

आता गंमत अशी की, विमान चालवणाऱ्याला आपल्या जागेवरून खालचे चाक दिसत नाही. समोरच्या दिव्यांवरून त्याला एवढेच कळते की चाकांचे पाय बाहेर आले की आत गेले. त्या पायाला चाक शिल्लक आहे की नाही, हे दिवा सांगत नाही. पण विमानतळावर ड्युटीवर असलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका जवानाने चाक पडताना पाहिले आणि ताबडतोब वर कळवले. विमानाची तपासणी करणे हे काही त्याचे काम नव्हते. आपण इंजिनिअर नाही, आपल्याला भास झाला असेल, असे म्हणून तो गप्प बसू शकला असता. तो गप्प बसला नाही.

पुढचे काम वैमानिकांचे होते. कॅप्टन केशरी सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यासमोर प्रश्न होता की उतरायचे कसे? एका बाजूला चाक आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, अशा स्थितीत पाय बाहेर काढून उतरले, तर चाक नसलेली बाजू धावपट्टीवर घासून विमान गर्रकन फिरण्याची भीती असते. बैलगाडीचे एक चाक निघाले की गाडी कशी एका अंगावर कलंडते, ते आपल्या मुलांनी पाहिले आहे. म्हणून त्यांनी चाके बाहेर काढलीच नाहीत. मुंबई विमानतळावर पूर्ण आणीबाणी जाहीर झाली, धावपट्टीवर आगीपासून बचावासाठी फेस पसरला गेला आणि रात्री नऊच्या सुमारास विमान पोटावर उतरवले गेले. पाचही जण सुखरूप बाहेर आले.

वर्तमानपत्रांनी वैमानिकांचे कौतुक केले, ते योग्यच होते. पण आमचे मन त्या जवानापाशीच घुटमळत राहिले. त्याला कारण होते. आमच्या हातून एक चूक झाली होती.

जानेवारी २०२० मध्ये आम्ही मुलांची सहल जामसावळीच्या हनुमान मंदिराला नेली होती. जाताना सातवीतला एक मुलगा आमच्या सीटपाशी आला. त्याच्या वडिलांचे पंक्चरचे दुकान आहे. तो म्हणाला, "मोठे सर, मागच्या चाकातून आवाज येऊन राहिला. नट ढिला असन." आम्ही म्हणालो, "जाऊन बस जागेवर. तुला काय कळतं? उगाच बाकीच्यांना घाबरवू नको." सगळी बस हसली. तो मुलगा मान खाली घालून जागेवर गेला. परत येताना सौंसरच्या अलीकडे ड्रायव्हरने बस थांबवली. मागच्या चाकाचे दोन नट गायब होते, बाकीचे हाताने फिरत होते. गाडीत बेचाळीस मुले होती. ईश्वरकृपेने काही झाले नाही. आम्ही ड्रायव्हरला बोललो, मालकाला फोनवर सुनावले. त्या मुलाला मात्र एक शब्दही बोललो नाही. लाज वाटली, हे आज कबूल करतो.

कोरोनानंतर शाळा पुन्हा उघडली तेव्हा प्रार्थनेच्या वेळी आम्ही नागपूरच्या विमानाची गोष्ट सांगितली. शेवटी त्या मुलाला पुढे बोलावले आणि सर्वांसमोर म्हणालो, "त्या दिवशी तू बरोबर होतास, आम्ही चुकलो." तो काहीच बोलला नाही. मधल्या सुट्टीत मात्र ऑफिसच्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "सर, पाण्याच्या मोटरच्या पाइपाले करंट लागते. शाळा बंद व्हायच्या आधीपासून लागते." आम्ही विचारले, "मग आधी का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तुम्ही म्हटलं होतं न सर, तुला काय कळतं."

त्याच क्षणी मेन स्विच बंद केला. वायरमनने पाहिले तर मोटरची वायर सोलून पाइपाला टेकलेली होती. त्याच पाइपाच्या नळाला आमची लहान मुले पाणी पितात. एका मुलाला एकदा गप्प केले, त्याची किंमत किती मोठी पडली असती, हे त्या दिवशी कळले. सांगणारा तयार करायला वर्षे लागतात, त्याचे तोंड बंद करायला एक वाक्य पुरते.

तेव्हापासून ऑफिसबाहेर दोरीला एक वही टांगली आहे. तिचे नाव 'बिघाड वही'. कोणत्याही मुलाने काहीही लिहावे: पंखा हलतो, बसचे दार लागत नाही, जिन्याची फरशी सुटली आहे. पुष्कळदा तक्रार किरकोळ निघते, कधी कधी काहीच निघत नाही. तरी आम्ही जाऊन पाहतो आणि खाली सही करतो. मुलाला कळले पाहिजे की कोणीतरी वाचले.

ऑक्टोबर २०२३ पासून आपला पांढुर्णा जिल्हा झाला. आपली मुले आता आणखी लांब जातील. कोणी डॉक्टर होईल, कोणी विमानही चालवील. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या विमानाच्या हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाड झाला. इंधन कमी करण्यासाठी ते दोन तासांहून अधिक काळ आकाशात घिरट्या घालून सुखरूप उतरले. त्याच्या सहवैमानिक पुण्याच्या मैत्रेयी शितोळे होत्या. आपल्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे.

पालकांना एकच विनंती आहे. घरी मूल म्हणाले, "बाबा, गाडीतून आवाज येते," तर हातातले काम बाजूला ठेवून एकदा खाली वाकून बघा.

आपले,
प्राचार्य